पाणी, रंगद्रव्य आणि पारख : वऱ्हाडातील पशुपक्ष्यांचे जलरंगचित्रण

पशुपक्ष्यांचे जलरंगचित्रण हा कलाप्रकार चित्रकला आणि निसर्गाभ्यास यांच्या सीमेवर उभा आहे, आणि त्याचे सारे वैशिष्ट्य त्याच्या माध्यमाच्या एका गुणात सामावलेले आहे. पारदर्शक जलरंगात कागदावर एकदा उतरलेला रंग पूर्णपणे पुसता येत नाही आणि नव्या रंगाखाली झाकताही येत नाही. त्यामुळे पक्ष्याची मान कुठे वळते, हरणाच्या पाठीवर प्रकाश कुठे थांबतो आणि कोणता भाग कोरा ठेवायचा, हे सर्व कुंचला ओला करण्यापूर्वीच चित्रकाराला ठाऊक असावे लागते. या माध्यमात हात कितीही सराईत असला तरी जाणकारीची उणीव त्याला भरून काढता येत नाही. मेळघाटातील सागाची जंगले, अकोला-वाशिमकडील गवताळ माळ आणि ठिकठिकाणचे तलाव यांमुळे वऱ्हाडात अशा चित्रणासाठी विषयांची वाण नाही. शिवाय या प्रदेशाला आणि त्याच्या शेजाराला प्राणिचित्रणाचा फार जुना वारसाही लाभलेला आहे, ज्याची ओळख आजच्या हौशी चित्रकारांना क्वचितच करून दिली जाते.

जलरंगाची घडण

कोणताही जलरंग मुख्यतः दोन घटकांचा बनतो : रंगद्रव्य, म्हणजे अतिशय बारीक दळलेली, पाण्यात न विरघळणारी रंगीत भुकटी, आणि बंधक, म्हणजे ती भुकटी कागदाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. जलरंगाचे बंधक म्हणजे झाडाचा डिंक होय. जगभर या कामासाठी प्रामुख्याने आफ्रिकेतील एका बाभूळवर्गीय झाडाचा डिंक वापरला जातो, तर भारतीय लघुचित्रकार पूर्वापार बाभळीचा डिंक वापरत आले आहेत. वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीत बांधोबांध उभी असलेली बाभूळ आणि सातपुड्याच्या उतारावरील, डिंकासाठी प्रसिद्ध असलेला धावडा ही झाडे लक्षात घेतली, तर या माध्यमाचा मूळ घटक येथील लोकांना परका नाही हे ध्यानात येते.

जलरंगाचे दोन प्रकार मानले जातात. अपारदर्शक जलरंगात रंगाचा थर दाट असतो, पांढरा रंग मिसळून छटा फिकट केली जाते आणि गडद रंगावर फिकट रंग चढवता येतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या परिचयाचे झालेले पोस्टर रंग याच प्रकारात मोडतात. पारदर्शक जलरंगात मात्र रंगाचा थर इतका पातळ असतो की प्रकाश त्यातून आरपार जाऊन कागदाच्या पांढरेपणावरून परततो आणि रंगाला आतून उजळल्यासारखी झळाळी येते. येथे पांढरा रंग म्हणजे न रंगवलेला कागद असल्यामुळे काम नेहमी फिकटाकडून गडदाकडे जाते, आणि बगळ्याचे चित्र काढताना चित्रकार खरे तर बगळा रंगवीत नसून त्याच्या भोवतालची सावली, पाणी आणि लव्हाळे रंगवीत असतो. पोस्टर रंगांची सवय असलेल्या विद्यार्थ्याला जलरंग अवघड जातो तो याच कारणाने, कारण त्याला चित्र उलट क्रमाने योजावे लागते.

कागदाचे महत्त्वही तितकेच मोठे आहे. उत्तम जलरंग कागद लाकडाच्या लगद्याचा नसून कापसाच्या तंतूंचा असतो. हे तंतू लांब आणि चिवट असल्यामुळे कागद वारंवार भिजला, घासला किंवा त्यावरून रंग उचलला तरी फाटत नाही, आणि त्यात आम्ल नसल्याने तो लवकर पिवळा पडत नाही. कागदावर सरस किंवा तत्सम पदार्थाची खळ दिलेली असते, जिच्यामुळे रंग आत झिरपून न जाता पृष्ठभागावर राहतो. गुळगुळीत पृष्ठाचा कागद पिसांच्या बारकाव्यांसाठी, मध्यम पोताचा सर्वसाधारण कामासाठी आणि खरबरीत पोताचा कागद अस्वलाच्या किंवा रानडुकराच्या राठ केसांसाठी सोयीचा ठरतो. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद भिजल्यावर फारसा वाकत नाही. त्याहून हलका कागद वापरायचा असल्यास तो आधी भिजवून फळीवर ताणून चिकटवावा लागतो.

कातळापासून कागदापर्यंत

अमरावतीच्या उत्तरेस, गाविलगडाच्या डोंगररांगेत, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात धारूळ हे गाव आहे. त्याच्या परिसरातील अंबादेवी नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलाश्रयांचा, म्हणजे आडोशासाठी वापरल्या गेलेल्या नैसर्गिक कातळकपारींचा, शोध २००७ च्या जानेवारीत अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सहकाऱ्यांनी लावला. या कपारींमध्ये प्राण्यांच्या आणि माणसांच्या रंगवलेल्या आकृती आढळल्या. निसर्गभ्रमण करणाऱ्या हौशी अभ्यासकांच्या नजरेस हा ठेवा पडावा, यात एक संगती आहे; कारण जंगलात बारकाईने पाहण्याची सवय हीच त्या प्राचीन चित्रकारांची आणि या आधुनिक अभ्यासकांची समान शिदोरी होती. मध्य भारतातील शैलचित्रांमध्ये लाल रंगासाठी गेरू, म्हणजे लोहयुक्त माती, आणि पांढऱ्यासाठी पांढरी माती किंवा चुनखडी यांचा वापर सामान्यतः आढळतो. आजच्या रंगपेटीतील तपकिरी-तांबड्या छटा याच लोहयुक्त मातीच्या वंशातल्या असून हरीण, बिबट आणि पिंगळा रंगवताना त्यांच्यावाचून चित्रकाराचे आजही चालत नाही.

दुसरा धागा वाशिमकडे जातो. १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचा भाग असलेले वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक राजवंशाच्या एका शाखेची राजधानी; आणि याच शाखेतील हरिषेण राजाच्या काळात, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याच्या अनेक लेण्यांना बहर आला. लेणे क्रमांक १६ मधील शिलालेख हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा आहे. लेणे क्रमांक १७ मधील छद्दंतजातकातील हत्ती, महाकपिजातकातील वानर आणि हंसजातकातील हंस हे केवळ कथेची पात्रे म्हणून रंगवलेले नाहीत. हत्तीच्या सोंडेची वळणे आणि वानराच्या अंगाचा चपळ ताण यांवरून चित्रकाराने हे प्राणी डोळे भरून पाहिले होते हे स्पष्ट होते. तंत्राच्या दृष्टीनेही अजिंठ्याची चित्रे जलरंगाची आप्त आहेत, कारण ती ओल्या चुन्यावर नव्हे, तर सुकलेल्या मातीच्या गिलाव्यावर पाणी आणि बंधक मिसळलेल्या रंगांनी काढलेली आहेत. गेरू, पिवळी माती, काजळ, हिरवी माती आणि दूरदेशाहून आणलेला निळा लाजवर्द एवढ्या मोजक्या सामग्रीतून हे प्राणिविश्व उभे राहिले.

अपारदर्शक जलरंगातील प्राणिचित्रणाने मुघल काळात शिखर गाठले. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या मन्सूर या चित्रकाराला ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे युगातील अद्वितीय, हा किताब मिळाला होता. १६१२ च्या सुमारास गोव्याहून दरबारी आणलेला टर्की पक्षी आणि १६२१ मध्ये भेटीदाखल आलेला झेब्रा यांची त्या काळातील चित्रे कलाकृती तर आहेतच, पण प्राणिशास्त्राची साधनेही आहेत. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात लेडी इम्पे यांच्या संग्रहासाठी शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या पाटण्याच्या चित्रकारांनी मोठ्या इंग्रजी कागदांवर पशुपक्ष्यांची चित्रे काढली, आणि लघुचित्रकाराचा सूक्ष्म हात व युरोपीय निसर्गशास्त्राची मांडणी यांचा त्यांत मेळ बसला. युरोपात चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५०२ मध्ये काढलेला ससा याच माध्यमाची ताकद दाखवतो.

मराठीत व्यंकटेश माडगूळकर यांनी वन्यजीवनावरील लेखनाबरोबर स्वतः प्राण्यांची रेखाचित्रे काढली, तर मेळघाटात वनाधिकारी म्हणून काम केलेल्या मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’ने पक्ष्यांची मराठी नावे एकत्र आणून चित्राखाली नाव लिहू पाहणाऱ्याची मोठी सोय केली.

दोन पिंगळ्यांचा धडा

पारखीवाचून चित्र का फसते, हे समजण्यासाठी मेळघाटातील रानपिंगळ्याइतके चांगले उदाहरण नाही. १८७२ मध्ये पक्षिसंग्राहक ब्लुइट यांनी आजच्या छत्तीसगडातून या घुबडाचा नमुना मिळवला आणि १८७३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम यांनी ही नवी जाती म्हणून तिचे वर्णन केले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याचा विश्वसनीय नमुना कोणाला मिळाला नाही. १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळाल्याचा पक्षिसंग्राहक मायनर्ट्झहागेन यांचा दावा खरा मानून दीर्घकाळ शोध घेतला गेला, परंतु तो नमुना जुना असून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती हे पुढे सिद्ध झाले. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत दिसला. त्यानंतर तो मेळघाटातही आढळला आणि आज मेळघाट हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे आश्रयस्थान मानले जाते.

हा पक्षी गावोगावी दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याशी सहज गल्लत होण्याइतका सारखा आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके दाट विखुरलेले असतात, तर रानपिंगळ्याचे डोके व पाठ जवळजवळ ठिपक्यांविना, करड्या-तपकिरी रंगाची असते. त्याच्या पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे असतात, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो आणि पायांवर दाट पांढरी पिसे असतात. ज्या चित्रकाराला हा भेद ठाऊक नाही, तो ‘घुबडाला ठिपके असतात’ या सवयीने कुंचल्याचे चार ठिपके जास्त देतो आणि जंगलातल्या दुर्मीळ पक्ष्याच्या जागी गावातला पक्षी उभा राहतो. जलरंगात हे ठिपके कोरा कागद सोडून दाखवायचे असल्यामुळे कुठे ठिपका आहे आणि कुठे नाही, हा निर्णय पहिल्या फिकट थराच्या आधीच करावा लागतो. माध्यमाची शिस्त आणि शास्त्राची शिस्त येथे एकच होऊन जाते.

शरीररचना, पिसे आणि केस

प्राणिचित्रणाची सुरुवात रंगापासून होत नाही. ती पेन्सिलीच्या भरभर काढलेल्या कच्च्या रेखांकनांपासून होते. जिवंत पक्षी एका जागी थांबत नाही, म्हणून एकाच पानावर पाचसहा अपुरी रेखांकने सुरू करून पक्षी पुन्हा त्याच पवित्र्यात आला की त्या रेखांकनात भर घालणे, ही सर्वमान्य पद्धत आहे. धड, डोके आणि शेपटी यांचा परस्परांशी कोन आधी पकडावा, कारण दुरून पक्षी ओळखू येतो तो रंगावरून नव्हे, तर ठेवणीवरून. पक्ष्याच्या पायात मागे वाकलेला जो सांधा गुडघा वाटतो तो वस्तुतः घोटा असतो, आणि खरा गुडघा पोटाच्या पिसांत दडलेला असतो. हे माहीत नसल्यास टिटवी किंवा बगळा यांच्या पायांचा तोल हमखास बिघडतो. हरीण आणि वाघ यांच्या मागच्या पायांबाबतही हेच खरे आहे.

पिसांचे गट असतात. उड्डाणासाठी असलेली लांब व ताठ पिसे, त्यांच्या मुळांवर कौलांप्रमाणे रचलेली आच्छादक पिसे आणि अंगावरची मऊ पिसे यांची ठिकाणे ठरलेली असतात. प्रत्येक पीस सुटे रंगवण्याचा मोह टाळून आधी गटाचा छायाप्रकाश पातळ थरात द्यावा आणि कडा तेवढ्या शेवटी टोकदार कुंचल्याने स्पष्ट कराव्यात. मऊ पोटासाठी कागद ओला करून त्यावर ओला रंग सोडावा, म्हणजे रंग स्वतःच पसरून कडा विरघळतात. पंखांच्या धारदार कडांसाठी मात्र थर पूर्ण सुकल्यावरच पुढचा थर द्यावा. राठ केसांसाठी कुंचल्यातील पाणी जवळजवळ निपटून, त्याचे केस फाकवून कागदावरून हलकेच ओढण्याचे सुक्या कुंचल्याचे तंत्र उपयोगी पडते. केस नेहमी वाढीच्या दिशेने ओढावेत. वाघाचे पट्टे, चितळाचे ठिपके हे अंगाच्या गोलाईप्रमाणे वळतात आणि आकसतात, त्यामुळे ते सपाट कापडावरील छापाप्रमाणे मांडल्यास प्राणी निर्जीव वाटतो.

रंगांच्या बाबतीत निसर्गाचे एक रहस्य चित्रकाराने जाणून घेणे आवश्यक आहे. हळद्याचा पिवळा आणि कावळ्याचा काळा हे पिसातील रंगद्रव्यांचे रंग आहेत. परंतु नीलकंठाच्या पंखातील निळा हा निळ्या रंगद्रव्याचा नसून पिसाच्या सूक्ष्म, सच्छिद्र रचनेतून प्रकाश विखुरल्यामुळे निर्माण होतो, आणि मोराच्या पिसाऱ्याची चमक तर पाहण्याच्या कोनानुसार बदलते. म्हणून पेटीतील एकच निळा सर्वत्र भरून नीलकंठ साधत नाही. कोबाल्टसारखा थंड निळा आणि किंचित हिरवट निळा ओल्या कागदावर परस्परांत मिसळू देऊन शेजारी तपकिरी छटा ठेवली, तर तो निळा उजळून दिसतो. त्याचप्रमाणे अस्वल किंवा गवा रंगवताना पेटीतला तयार काळा रंग टाळावा, कारण तो प्रकाश गिळून टाकतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा भाजलेल्या मातीचा तांबूस रंग मिसळून तयार होणारा काळा कधी निळसर, कधी उबदार करता येतो आणि गव्याच्या पाठीवरील प्रकाशाची तकाकी त्यात जिवंत राहते. डोळ्यातील प्रकाशबिंदू हा कोरा कागदच असावा. तो आधीच राखून ठेवला नाही, तर नंतर लावलेल्या पांढऱ्या ठिपक्याला ती चमक येत नाही.

वऱ्हाडची हवा आणि माळाचे आव्हान

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि अशा कोरड्या उष्ण हवेत ओल्या कागदावरचे काम पाहता पाहता सुकून रंगाला नको तेथे कडा धरतात. म्हणून उन्हाळ्यात पहाटेची वेळ निवडणे, कागद दोन्ही बाजूंनी भिजवणे आणि रंग आधीच पुरेसा कालवून ठेवणे हे उपाय उपयोगी पडतात. याउलट पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या धुक्यात कागद तासन् तास ओलसर राहतो, थर सुकत नाहीत आणि जपून न ठेवलेल्या कागदावर बुरशीचे डाग पडतात. चित्रकाराने तंत्र पुस्तकातून जरूर शिकावे, पण पाण्याचे प्रमाण मात्र आपल्या गावच्या हवेला विचारून ठरवावे.

पावसाळ्यातच अकोला-वाशिमच्या माळांवर तणमोर हा अत्यंत संकटग्रस्त पक्षी विणीसाठी येतो. त्याच्या काळ्याभोर नराच्या डोक्यामागे फितीसारखी पिसे असतात, आणि मादीचे लक्ष वेधण्यासाठी तो उंच गवतातून वारंवार सरळ वर उडी घेतो. क्षणार्धात संपणारी ही उडी रंगवण्यासाठी गवताचा उजळ भाग आधी ओल्या थरात देऊन पक्ष्याचा गडद आकार शेवटी, एकाच निश्चित फटक्यात मांडावा लागतो. या पक्ष्याची ठिकाणे आणि सवयी फासेपारधी समाजाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहेत. एकेकाळी शिकारीसाठी वापरले गेलेले हे ज्ञान आज याच समाजातील काही लोक गवताळ माळ आणि तणमोर वाचवण्यासाठी वापरत आहेत. माळाचे चित्र काढणाऱ्याने गवताला रिकामी पार्श्वभूमी समजू नये, हा धडा त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे.

कुंचल्याची नीती

प्राण्याचे चित्र काढताना दुसऱ्या प्राण्याचा जीव जाऊ नये, ही अपेक्षा साधी असली तरी तिची आठवण करून द्यावी लागते. भारतात अनेक वर्षे मुंगसाच्या केसांचे कुंचले विकले गेले आणि त्यांच्यासाठी मुंगसे मोठ्या संख्येने मारली गेली. मुंगसाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून असे कुंचले बनवणे व विकणे हा गुन्हा आहे. कृत्रिम तंतूंचे कुंचले आज सहज मिळतात आणि टोक धरण्यात व पाणी साठवण्यात त्यांची पुष्कळ प्रगती झालेली आहे. हीच नीती जंगलातील वर्तनालाही लागू पडते : घरट्याजवळ जाऊ नये, पक्ष्याला उठवून उडवू नये, व्याघ्र प्रकल्पात वाहनातून उतरू नये. १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प असलेल्या मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राणी पाहण्याची संधी मिळते. अशा वेळी पाहिलेले मनात साठवून दुसऱ्या दिवशी स्मृतीवरून चित्र काढणे हा उत्तम अभ्यास ठरतो. छायाचित्राचा आधार घेण्यास हरकत नाही, परंतु छायाचित्रात सावल्या अनेकदा काळ्या ठिक्कर होतात आणि दूरच्या भिंगामुळे अंगाची खोली दबते, हे ध्यानात ठेवून प्रत्यक्ष निरीक्षणाने त्याची दुरुस्ती करावी.

चित्र ही एक नोंद

सुरुवात करणाऱ्याने वाघापासून सुरुवात करण्याची गरज नाही. अंगणातली साळुंकी, गोठ्यातली म्हैस, अमरावतीचा वडाळी तलाव, अकोल्याजवळचा कापशी तलाव किंवा काटेपूर्णा जलाशय येथील पाणपक्षी हे विषय सतत उपलब्ध असून त्यांचे पुन्हा पुन्हा निरीक्षण करता येते, आणि या कलेत पुनरावृत्तीला पर्याय नाही. प्रत्येक चित्राखाली स्थळ, दिनांक, वेळ, हवामान आणि पक्ष्याचे नाव प्रामाणिकपणे लिहिण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावावी. नाव ठाऊक नसेल तर अंदाजाने न लिहिता आकार, चोच, पायांचा रंग आणि आवाज टिपून ठेवावा. रानपिंगळ्याच्या शोधाला एका खोट्या चिठ्ठीने अनेक वर्षे चुकीच्या वाटेला लावले. खऱ्या चिठ्ठीचे मोल यावरून कळते. वऱ्हाडातील तलाव आक्रसत असताना आणि माळ नांगराखाली जात असताना, एखाद्या शाळकरी मुलाने किंवा निवृत्त शिक्षिकेने नीट पाहून, नीट रंगवून, खरी तारीख घालून ठेवलेले चित्र हे त्या ठिकाणी तो जीव होता याचा पुरावा ठरू शकते, आणि गावोगावच्या शाळा व निसर्गमंडळांनी अशा चित्रवह्या जपण्याची प्रथा पाडली, तर या प्रदेशाच्या निसर्गाचा इतिहास लिहिणाऱ्या उद्याच्या अभ्यासकाला ती फार मोठी मदत होईल.